मीटर कोणाच्या नावावर?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत असताना फोनवर मेसेज आला : वीजबिलावरच्या नाव बदलाचा अर्ज मंजूर झाला आहे. मी लगेच स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला. नवऱ्यानं फटाक्यांचे इमोजी टाकले, आईनं हात जोडले. धायरीतला वन बीएचके, बारा वर्षं जुनी बिल्डिंग, दुसरा मजला. रजिस्ट्रेशन मार्चमध्ये झालं होतं, कर्जाचा पहिला हप्ता गेला होता आणि आता मीटरही माझ्या नावावर.

अडचण एकच होती. त्या घरात आम्ही राहत नव्हतो. तिथं एक कुटुंब राहत होतं : नवरा, बायको आणि सीईटीच्या तयारीला बसलेली मुलगी. जुन्या मालकांशी त्यांचा अकरा महिन्यांचा करार ३१ मार्चला संपला होता आणि ते अजून तिथंच होते. म्हणजे मी स्क्रीनशॉट टाकत होते तेव्हा माझ्या नावावरच्या विजेवर दुसऱ्या कुणाचा तरी पंखा फिरत होता.

हा लेख त्या पंख्याबद्दल आहे.

आधी थोडं त्या काळाबद्दल. तुम्ही कधी रीसेलचं घर घेतलं असेल तर हे महिने कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. घर घेणं ही एक गोष्ट वाटते, पण प्रत्यक्षात ते पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी आपलं नाव चढवणं असतं. सोसायटीत शेअर सर्टिफिकेट, महापालिकेत मिळकतकर, वीज, गॅस. ब्रॉडबँडवाला सगळ्यात तत्पर. चौकशीचा फॉर्म भरल्यावर दोन तासांत त्याचा फोन, 'मॅडम, आज संध्याकाळी ड्रिल मारून देतो.' ज्या घरात मलाच शिरता येत नव्हतं तिथं हा भिंतीला भोक पाडायला तयार होता. पाण्याचं काही करायचंच नव्हतं, पाणी सोसायटीचं; उन्हाळ्यात टँकर किती येतात आणि ते पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, एवढं विचारून घेतलं.

विजेचं प्रकरण मात्र मजेशीर निघालं. बिलावर नाव विक्री करणाऱ्या काकांचंही नव्हतं. ते त्यांच्या वडिलांचं होतं, आणि वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं एक गेलेला माणूस दर महिन्याला वीज वापरत होता आणि वेळेवर बिलही भरत होता. नाव बदलायला जुन्या ग्राहकाची संमती लागते. ती नसेल तर मालकीचा नोंदणीकृत कागद चालतो. म्हणून इंडेक्स टू जोडला, सोसायटीचं पत्र जोडलं, ऑनलाइन अर्ज केला आणि काम झालं. बारा आकडी ग्राहक क्रमांक होता तसाच राहिला, वरचं नाव फक्त बदललं. तेव्हा मी त्याचा फार विचार केला नाही. आता वाटतं, सगळा प्रश्न तिथंच लिहून ठेवलेला होता : नंबर घराचा, नाव माणसाचं. मग वीज कोणाची?

आमचा हिशोब सांगते. नव्या घराचा हप्ता एकतीस हजार. राहत होतो त्या घराचं भाडं सोळा हजार. दोन्ही भरायचे, आणि घरमालकांना एप्रिलअखेर सोडतो असं सांगून बसलेलो. जुन्या मालकांशी बोलणीत एवढं शहाणपण केलं होतं की रिकामा ताबा मिळेपर्यंत एक लाख रुपये राखून ठेवायचे. ते काका दुसऱ्या शहरात असतात. फोन केला की म्हणायचे, 'निघतीलच हो ते, सज्जन माणसं आहेत.' सज्जन माणसं निघत नव्हती.

व्यवहार जमवून देणाऱ्या एजंटला मी मीटरचा स्क्रीनशॉट पाठवला, तर त्याचा लगेच फोन आला.

'झालं की मग ताई तुमचं काम. आता पीडीचा अर्ज टाका.'

पीडी म्हणजे परमनंट डिसकनेक्शन, कायमस्वरूपी वीजजोडणी बंद.

'ग्राहक कोण? तुम्ही. ग्राहकानंच सांगितलं मला वीज नको, तर कोण विचारणार? एप्रिल आहे. चार दिवस पंखा नाही, फ्रिज नाही, आपोआप टेम्पो बोलावतील. नंतर नवीन जोडणी घ्या. आणि एक सांगतो, त्यांच्याकडून भाडं अजिबात घेऊ नका, नाहीतर तुमचेच भाडेकरू होऊन बसतील.'

मी म्हटलं, असं करता येतं का? भाडेकरूचं वीजपाणी तोडू नये असा कायदा आहे ना? खरं तर मला तेव्हा नक्की माहीत नव्हतं, नंतर शोधलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २९ : योग्य कारणाशिवाय घरमालकानं भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडू किंवा रोखू नये. पण एजंट माझ्यापेक्षा मुरलेला होता.

'ते भाडेकरू कुठे आहेत ताई? लीव्ह अँड लायसन्स आहे. लायसन्सी. तेही मुदत संपलेले.'

त्याचं हे म्हणणं कोर्टात किती टिकलं असतं याची पैज मी घेणार नाही. पण लेख त्याबद्दल नाही. मी त्याला 'छे, असं कसं करायचं' म्हणून फोन ठेवला नाही. मी म्हटलं, 'बघते.' आणि रात्री नवरा झोपल्यावर खरोखरच बघितलं. अर्जाचं पान उघडलं. ग्राहक क्रमांक टाकला. आता तो मला पाठ झाला होता.

*

त्या रात्री माझी बाजू काय होती ती प्रामाणिकपणे मांडते, कारण ती अगदीच पोकळ नव्हती.

घर माझं. करार संपलेला. हप्ता मी भरतेय. शिवाय वीज माझ्या नावावर, म्हणजे त्यांनी बिल बुडवलं तर बाकी माझ्या नावावर चढणार. मी कोणाला धक्का मारत नव्हते, सामान रस्त्यावर फेकत नव्हते, गुंड पाठवत नव्हते. माझ्या नावावरची एक सेवा मला नको आहे एवढंच सांगणार होते. कायद्याच्या रस्त्यानं गेले असते तर? तोही आहे. करार संपल्यावर लायसन्सी निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि जास्तीच्या काळासाठी दुप्पट शुल्काची तरतूदही त्याच कायद्यात आहे, कलम २४. पण त्याला वेळ, तारखा आणि वकील लागतो. शिवाय तिथं समोरच्याला उत्तर द्यायची संधी असते. पीडीच्या अर्जात ती नसते.

दार तोडायला कोणीतरी दारापर्यंत जावं लागतं. आतल्या माणसाचा चेहरा दिसतो. वीज तोडायला मी माझ्या पलंगावरूनही उठणार नव्हते. कोणीतरी पगारी माणूस, ज्याला यातलं काही माहीत नाही, जिन्याखालच्या मीटरबॉक्सपर्यंत जाऊन आपलं रोजचं काम करणार होता. आणि उन्हाळा पुढचं काम करणार होता. म्हणजे सगळं होणार, पण केलं कोणीच नाही. मला मोह पडला तो याचाच, हप्ता वाचेल याचा नव्हे.

सकाळी आईला सांगितलं, तर ती एकच शब्द बोलली : 'तळतळाट.' घेतल्या घरात कोणाचे तळतळाट नकोत. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, म्हणजे त्या लोकांचं काही नाही, आपल्याला शाप लागू नये म्हणून करायचं नाही? ती म्हणाली, 'कशासाठी का होईना, करू नको म्हणजे झालं.'

माझं समाधान झालं नाही. मला कारण हवं होतं. तळतळाट लागत नाही असं समजा; मग चूक काय आहे?

कायदा वाचत गेले तसं लक्षात आलं की हा प्रश्न कोर्टांनाही पडलेला आहे, फक्त वेगळ्या शब्दांत. वीज कायदा, २००३, कलम ४३ म्हणतं की मागणी केल्यावर वीज द्यायची ती 'मालकाला किंवा भोगवटादाराला'. किंवा. राहणाऱ्याचा हक्क मालकाच्या हक्काखाली दडपलेला नाही, शेजारी उभा केलेला आहे. २०२२ साली 'दिलीप विरुद्ध सतीश' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वीज ही मूलभूत सोय आहे आणि घरमालकानं ना हरकत पत्र दिलं नाही एवढ्यावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही.

भोगवटादार हा शब्द आपण फक्त बिल्डरच्या संदर्भात ऐकतो, भोगवटा प्रमाणपत्र आलं का, एवढ्यापुरता. पण शब्द नीट बघा. भोगणं म्हणजे उपभोगणं आणि भोगणं म्हणजे सोसणंही. घराचा भोगवटादार तो, ज्याला त्या घरातला पंखाही मिळतो आणि पंखा बंद पडला तर उकाडाही. मला यातलं काहीच मिळत नव्हतं. मी फक्त मालक होते.

दुसरा एक निकाल याच्याही पुढे जातो. डिसेंबर २०१४ मध्ये 'पाणी हक्क समिती'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं की माणूस बेकायदा झोपडीत राहतो म्हणून त्याला पिण्याचं पाणी नाकारता येणार नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अधिकृत घरांसारखाच, त्याच अटींवर पुरवठा मिळेल असं कोर्टानं म्हटलं नाही, अटी वेगळ्या असू शकतात. पण 'तू इथं राहायला नको आहेस' आणि 'तुला पाणी मिळणार नाही' ही दोन वाक्यं कोर्टानं एकमेकांपासून सोडवली. पहिलं खरं असलं तरी दुसरं त्यातून निघत नाही.

माझ्या डोक्यात ती दोन वाक्यं एकच झाली होती. 'त्यांनी इथं असायला नको' हे बरोबर होतं. त्यावरून मी सरळ 'त्यांना पंखा नको' इथं पोचले होते, आणि मधली पायरी मी कधी चढले ते मला कळलंही नाही.

आपल्याकडे ही पायरी जुनी आहे. एखाद्याला गावातून घालवायचं तर त्याला मारायची गरज नसते, त्याचं पाणी तोडलं की पुरतं. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला तो उगाच नाही. महाडला सार्वजनिक तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव कागदावर होता, तरी प्रत्यक्ष पाण्याला हात लावायला १९२७ चा मार्च उजाडावा लागला. आणि याच पुण्यात, माझ्या फ्लॅटपासून पाऊण-एक तासावर, गंज पेठेत जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. हे आपण शाळेत एका ओळीत वाचतो. घर घेतल्यावर त्यातला एक शब्द मला नव्यानं दिसला : स्वतःच्या. हौद खाजगी होता. मालकी पूर्ण होती. 'माझं आहे, मी ठरवीन' असं म्हणायचा त्यांना हक्क होता, आणि त्यांनी ते म्हटलंही. फक्त वापरलं उलट्या दिशेनं.

फुल्यांचं नाव घेऊन मी स्वतःला त्या रांगेत बसवत नाहीये. मी तर फॉर्म उघडून बसलेली बाई.

*

शनिवारी मी त्या घरी गेले. एजंटला न सांगता. कारण काढलं मीटर रीडिंगचं. नाव बदललंय, सुरुवातीचं रीडिंग लिहून ठेवते.

दार त्यांनीच उघडलं. त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असतील, पण मला ताई म्हणाल्या, मीही त्यांना ताई म्हटलं. शेवटपर्यंत आम्ही एकमेकींना ताईच म्हणत राहिलो. आतल्या खोलीत मुलगी अभ्यासाला बसली होती. हॉलमधला पंखा बंद होता आणि खोलीतला चालू. मी आल्यावर त्यांनी हॉलमधला लावला.

वीजबिलाचं म्हटल्यावर त्यांनी एक निळी फाइल आणली. तीन वर्षांची बिलं, महिन्याच्या क्रमानं, प्रत्येकाला पावती टाचलेली. एकही बिल मुदतीनंतर भरलेलं नव्हतं. बिलावर नाव गेलेल्या आजोबांचं, मेसेज येणारा मोबाईल नंबर या ताईंचा. त्या आजोबांना त्यांनी कधी बघितलेलंही नव्हतं. 'पण दर महिन्याला नाव वाचून ओळखीचे वाटायला लागलेत,' त्या म्हणाल्या.

मधे एक वेगळं बिल होतं, मागच्या वर्षीचं. अतिरिक्त सुरक्षा ठेव, एक हजार आठशे चाळीस रुपये. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : वीजग्राहकाची काही ठेव कंपनीकडे असते आणि वर्षाच्या सरासरी वापराप्रमाणे ती कमी पडत असेल तर फरकाचं बिल येतं. ते बिल नेहमीचं समजून भाडेकरू भरून टाकतात. या ताईंनीही भरलं होतं. पण ठेव जमा होते ग्राहकाच्या नावावर. म्हणजे आजोबांच्या. आणि आता नाव बदलल्यावर, माझ्या.

मी घरी येताना रिक्षात तेच डोक्यात घोळवत होते. घर घेताना सगळ्यांनी मला थकबाकीची भीती घातली होती. जुन्या मालकाचं बिल थकलंय का बघ, नाहीतर तुझ्या गळ्यात पडेल. खरंच पडतं. केरळमधल्या के. सी. निनन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये सांगितलं की नियमांत तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाची वीज थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते. ज्यांनी लिलावात जागा घेतल्या होत्या ते म्हणत होते, वीज आम्ही जाळली नाही, मग पैसे आम्ही का द्यायचे? महाराष्ट्राच्या नियमात, घर वारसाकडे न जाता दुसऱ्याकडे गेलं असेल तर, ही जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकबाकीपुरती आहे. म्हणजे कर्ज घराला चिकटून येतं हे कायद्यानं मान्य केलंय, त्याची मर्यादाही घालून दिलीय. आमच्याकडे सगळे ते तपासायला सांगत होते.

पण घराला चिकटून जे जमेचं येतं, त्याचं काय? तीन वर्षांची वेळेवर भरलेली बिलं, ज्यांच्यामुळे माझी पाटी कोरी होती. ते अठराशे चाळीस रुपये. ते तपासायला मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या थकबाकीला घाबरून वीज तोडायला निघाले होते आणि प्रत्यक्षात थकबाकी माझी निघाली होती.

रक्कम फार नाही. एका हॉटेलच्या जेवणाचं बिल. पण मला जे कारण हवं होतं ते त्यात सापडलं. मीटर माझ्या नावावर झाला म्हणजे ती वीज माझी झाली, असं मी धरलं होतं. तसं नव्हतं. मी एका चालू व्यवहारात मधेच शिरले होते. आत राहणाऱ्यांनी तो सांभाळून चालता ठेवला होता आणि माझं नाव त्याच्यावर कागदापुरतं आलं होतं. ज्याच्या चालण्यात माझा काडीचा हात नव्हता ते बंद करण्याचा अधिकार तेवढा मला मिळाला होता.

*

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली, ती खरं तर मी पहिल्यांदा सांगायला हवी होती. निघताना मी विचारलं, 'ताई, तुम्हाला नक्की अडचण काय आहे?'

हा प्रश्न त्याआधी कोणी त्यांना विचारला नव्हता. काकांनी नाही, एजंटनं नाही, मी नाही. अडचण सरळ होती. त्यांचे पन्नास हजार डिपॉझिट काकांकडे होते. काका म्हणत होते, आधी घर सोडा, मग देतो. नव्या घराला डिपॉझिट भरायला यांच्याकडे दुसरे पैसे नव्हते. घर बघून ठेवलं होतं, नांदेड फाट्याच्या बाजूला. एप्रिलचं भाडं पाकिटात घालून ठेवलं होतं, पण ते कोणाला द्यायचं हेही त्यांना कळत नव्हतं.

आणि माझ्याकडे काकांचे एक लाख राखून ठेवलेले होते.

यावर हसू येतं ना? मलाही रिक्षात आलं, आणि मग लाज वाटली. उत्तर माझ्याच खात्यात पडून होतं आणि मी दुसऱ्याच रस्त्याला लागले होते. मी बुद्धू आहे असं नाही; ऑफिसात याहून किचकट गुंते सोडवते. पण एजंटनं माझ्या हातात बटण दिल्यापासून मी फक्त दाबू की नको एवढाच विचार करत होते. दाबलं तर मी वाईट, नाही दाबलं तर मी चांगली. अडचण काय आहे हे विचारायचं सुचलंच नाही. ज्याच्या हातात काही नसतं त्याला समोरच्याशी बोलावंच लागतं. माझ्या हातात आता होतं.

तसं पाहिलं तर बटणं तीन होती. काकांकडे डिपॉझिट, माझ्याकडे मीटर, यांच्याकडे ताबा. तिघांनी आपापलं धरून ठेवलं होतं. तेव्हा त्याही माझ्यावर दबावच आणत होत्या, असं नवरा म्हणाला, आणि ते खोटं नाही. त्यांच्यामुळे माझे सोळा हजार जादा जात होते. पण मला फरक दिसतो. त्यांनी जे धरून ठेवलं होतं ते त्यांचेच पैसे परत मिळण्याची एकमेव हमी होती. माझं बटण वापरून मी जे मिळवणार होते त्याची किंमत एक मुलगी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घामानं भरणार होती. तिनं कोणाचंही काही धरून ठेवलं नव्हतं.

काकांना फोन केला. लाखातले पन्नास परस्पर त्यांना देते, उरलेले पन्नास ताबा मिळाल्यावर तुम्हाला. काका आधी रागावले, मग म्हणाले, 'लिहून घ्या म्हणजे झालं.' एजंट म्हणाला, 'ताई, पैसेही जातील आणि घरही अडकेल.' तसं होऊ शकलं असतं. पैसे पाठवताना माझा अंगठा स्क्रीनवर बराच वेळ थांबला होता. एका साध्या कागदावर तिघांच्या सह्या, एवढीच काय ती सुरक्षा. ते नीट संपलं म्हणून ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. नसतं संपलं तरी पीडीचा अर्ज बरोबर ठरला नसता.

सीईटी झाल्यावर, मेच्या चोवीस तारखेला त्यांनी घर सोडलं. आम्ही तोवर जुन्या घरमालकांच्या हातापाया पडून एक महिना वाढवून घेतला होता. टेम्पो भरला गेल्यावर ताईंनी मला जिन्याखाली मीटरपाशी नेलं, रीडिंगचा फोटो काढला आणि मलाही काढायला लावला. 'उद्या कोणी काही बोलायला नको.' मग वहीचं एक पान दिलं. एप्रिल-मेचं भाडं, बावीस हजार, मला देणं. त्याखाली : ॲडिशनल डिपॉझिट १,८४०. त्यापुढे एक प्रश्नचिन्ह.

भाडं मी घेतलं. माझा हप्ता काही थांबला नव्हता. मी त्या प्रश्नचिन्हावर काट मारली आणि बावीस हजारातून ती रक्कम वजा केली. त्यांनी जागीच वीस हजार एकशे साठ पाठवले, माझ्या फोनची रिंग वाजेपर्यंत थांबल्या, आणि टेम्पोत पुढे बसल्या.

जूनमध्ये आम्ही राहायला आलो. बिलाच्या मेसेजसाठी नोंदवलेला नंबर बदलायचा मात्र राहून गेला. पहिलं बिल तयार झालं तेव्हा ते मला कळलं ते व्हॉट्सॲपवर, नांदेड फाट्याहून. स्क्रीनशॉट होता, माझं नाव, तोच बारा आकडी नंबर, आणि खाली एक ओळ : 'ताई, तुमचं बिल आलंय. पंखा जास्त चालवता वाटतं.'